वाळवीनं न खाल्लेलं पुस्तक

लिहून ठेवणार : चिंतामणी ग्यानोबा खंदारे, वय ६८ वर्षे, महसूल दफ्तरातून निवृत्त झालेला अटेंडर, धर्म ख्रिस्ती, राहणार मौजे कवठझरी, मंडल तामसी, जिल्हा आदिलाबाद.

मी हे मृत्युपत्र शुद्धीवर, राजीखुशीनं आणि स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. डॉक्टरनं काळीज कमजोर सांगितलं आहे, डोकं नाही. पस्तीस वर्षं मी लोकांच्या अर्जांतले रकाने भरून दिले. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की काम होतं, हे मला चांगलं कळतं. वर धर्माच्या रकान्यात जे लिहिलं आहे ते कायद्याच्या कागदावर मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. यापूर्वीचे माझे कागद वेगळं सांगतील. तेही माझ्याच अक्षरात आहेत.

माझ्याजवळ घर आहे, थोडी शिल्लक आहे. पण वाटणीची खरी वस्तू एकच : आमच्या चर्चचं जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. ते कोणाच्या हाती जातं यावर माझ्या मेलेल्या बायकोचं, वनमालाचं, नाव आणि माझ्या जिवंत मुलाची नोकरी अवलंबून आहे. दोन्ही एकदम राखता येत नाही, मी पुष्कळ विचार करून पाहिला. म्हणून सोपी कलमं आधी उरकतो.

कलम १. कवठझरीतलं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, मागच्या अंगणासह, मुलगा निहार याला. तो आदिलाबादला सरकारी नोकरीत आहे, इथं राहायला येणार नाही. त्यानं ते विकावं नाहीतर पडू द्यावं. पुढच्या कलमांनी त्याचं नुकसान होऊ शकतं आणि घरानं ते भरून निघणार नाही. पण माझ्याजवळ दुसरं काही नाही.

कलम २. बँकेत जे उरेल ते मुलगी अपूर्वा हिला. ती यवतमाळला नर्स आहे. आईच्या आजारपणात रजा काढून काढून तीच आली. वनमालाची रविवारच्या शाळेतली चित्रं, ज्यांच्या कोपऱ्यांवर मुलांच्या बोटांचे तेलकट डाग आहेत, तीही तिलाच.

कलम ३. माझी आरामखुर्ची आमच्या पाळकांना, म्हणजे अय्यगारूंना. वनमालाच्या मातीच्या दिवशी वाद चालू असताना ते दोन तास बसून राहिले आणि कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. बसायची एवढी सवय असलेल्या माणसाला खुर्ची चांगली हवी.

कलम ४. कागद शिवायचं दाभण, लाल नाडे, शाईचा पॅड आणि दोन पट्ट्या. या वस्तू कोणालाच द्यायच्या नाहीत. भंगारवाला येईल तेव्हा त्याच्या गाडीवर टाकाव्यात.

कलम ५. रजिस्टर. याची हकीकत लिहिल्याशिवाय वाटणी समजणार नाही.

माझा बाप्तिस्मा लहानपणीचा. वनमाला बेला गावाकडची, तिच्या माहेरी कोणी ख्रिस्ती नव्हतं. १९८१ साली लग्नाच्या महिनाभर आधी ओढ्यावर तिचा बाप्तिस्मा झाला. पाण्यातून वर आली तेव्हा ती कुडकुडत होती आणि हसत होती. तिचं नाव रजिस्टरात चढलं, पुढं मुलांचीही चढली. चर्च कमिटीचा सेक्रेटरी मी, त्यामुळे पुस्तक माझ्याच ताब्यात असे.

२००६ साली निहारसाठी नोकरीची संधी आली. अनुसूचित जातीच्या दाखल्यावर जागा मिळण्यासारखी होती. ख्रिस्ती लिहिलं की तो हक्क जातो, दुसऱ्या वर्गात टाकतात, आणि त्या वर्गात जागा नखाएवढ्या. हा कायदा बरा की वाईट, ते मी सांगत बसणार नाही. देव बदलला म्हणून जात सुटत नाही, हे आम्हाला चहाच्या हॉटेलात रोज कळत होतं. पण मी जे केलं ते कायद्यानं माझा हात धरून करवलेलं नाही.

चौकशीला गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, येणार आणि चर्चचं पुस्तक मागणार, हे मला दफ्तरात बसून आधीच कळलं. मी कमिटीला सांगितलं की जुन्या पुस्तकाला वाळवी लागली आहे. कोरे कागद आणले, दाभणानं शिवले आणि तीन दिवस बसून नावं उतरवली. चार नावं सोडली : माझं, वनमालाचं, निहारचं, अपूर्वाचं. गिरदावरानं पुस्तक चाळलं, चहा घेतला, अहवाल लिहिला. गावात कोणी ब्र काढला नाही, कारण ज्यांना काढता आला असता त्यांचे अर्ज माझ्याच हातून पुढं सरकत होते.

जुनं पुस्तक मी वनमालाच्या हाती दिलं आणि चुलीत घालायला सांगितलं. तिनं विचारलं, "माझं बी काढलं?"

"आईचं राहिलं तर पोराचं कसं निघंल?" मी म्हणालो.

ती पुस्तक घेऊन आत गेली. थोड्या वेळानं धूर आला आणि मी निर्धास्त झालो. निहार नोकरीला लागला. त्यानंतरही मी दर रविवारी उभा राहून शास्त्र वाचत असे, देवाकडून येणारं वरचं शहाणपण आणि जगातलं खालचं शहाणपण यांतला फरक लोकांना समजावून सांगत असे. फरक मला पाठ होता. वनमाला रविवारच्या शाळेतल्या मुलांना घेऊन भिंतीशी बसून ऐकायची आणि घरी आल्यावर प्रवचनाविषयी एक शब्द बोलायची नाही. पूर्वी बोलायची.

२०११ साली राहीबाई वारली. ही म्हातारी बारा वर्षं चर्चचं अंगण झाडत होती. पोरांच्या धाकानं तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण मेल्यावर आपल्याला आमच्या दफनभूमीत ठेवावं असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिची पोरं भांडायला उठली. मला सरकारी नोकर म्हणून भानगड नको होती. मी तिथल्या तिथं नियम लिहिला : रजिस्टरात बाप्तिस्म्याची नोंद असेल त्यालाच दफनभूमीत जागा. वनमाला सगळ्या बायकांसमोर मला म्हणाली, "देवाच्या दारात बी गिरदावर बसवला काय तुमी?" मी तिला घरी जायला सांगितलं. पोरांनी नंतर प्रेताकडे पाठ फिरवली आणि राहीबाईला कंपाउंडाबाहेर ओढ्याकाठी पुरलं. तिचा भाचा धोंडीबा, जो आमच्याच चर्चचा आहे, त्यानं एकट्यानं खड्डा खणला.

माझ्या पोटात होतं ते असं, की राहीबाईला नियम लागतो आणि माझ्या घराला लागत नाही. आपलं कोणी मरणारच नाही असं धरून मी चाललो होतो. याला गावात हुशारी म्हणत आणि सल्ला घ्यायला माझ्या दारी येत.

२०२२ च्या पावसाळ्यात वनमाला गेली. तोवर मी सेक्रेटरी राहिलो नव्हतो आणि धोंडीबा अध्यक्ष झाला होता. शेजारच्या सोनाबाईनं तिला आंघोळ घातली, शवपेटी आणली, गीतं म्हणून झाली. मग धोंडीबानं नवं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. तो रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

"दादा, पुस्तक तुमचं, नियम तुमचा, अक्षर बी तुमचंच. वैनीचं नाव दाखवा."

मी म्हणालो, नक्कल करताना सुटलं असेल.

"घरातली चारी सुटली?"

निहार माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या खिशाला दफ्तराचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी रजिस्टर मिटून धोंडीबाकडे परत सरकवलं. जिनं तीस वर्षं या गावातल्या मुलांना प्रार्थना शिकवली, तिला नावाशिवाय कंपाउंडाबाहेर, राहीबाईच्या शेजारी पुरलं. धोंडीबानं डूख धरला असं लोक म्हणतात. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, आणि जास्त नीट केलं असतं.

महिन्याभरानं तिची कपड्यांची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली, अपूर्वाच्या बाळपणीच्या शालीत, जुनं रजिस्टर होतं. त्या दिवशी चुलीत काय जळलं ते मी पाहिलंच नव्हतं. सोळा वर्षं ती त्या पुस्तकाशेजारी झोपली आणि मला बोलली नाही. दुखणं वाढलं तेव्हाही काढलं नाही. मला तिचा फार राग आला, अजून येतो. एक चिठ्ठी तरी ठेवायची. ते कमिटीला दाखव, असं म्हणायचं, नाहीतर तू तरी जाळ, असं म्हणायचं. तिनं काहीच सांगितलं नाही, सगळं माझ्यावर सोडलं. माझ्यासारख्यावर असा भरवसा टाकणं हे शहाणपण असेल तर ते वरूनच आलेलं असणार, कारण खाली असं कोणी करत नाही.

कलम ६. तरी, सदर जुनं रजिस्टर माझ्या मृत्यूनंतर चर्च कमिटीच्या हाती द्यावं, वनमालाचं नाव पुन्हा चढवावं आणि राहीबाईसाठी केलेला नियम रद्द करावा.

[खोडलेलं : वरीलप्रमाणे माझी शेवटची इच्छा असून]

पुढचा मजकूर आठ दिवसांनी लिहीत आहे. कलम ६ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत. खोडल्याच्या जागी सही केली आहे. कारण लिहितो.

हे मृत्युपत्र मी निहारला बोलावून वाचून दाखवलं. त्याला मागून कळावं हे बरं वाटेना. तो शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "बाबा, आई तर गेली. माझ्या लेकरांच्या ताटात माती कालवून तुमाले काय भेटते?"

मी म्हणालो, माझं चुकलं.

"चुकलं तवा मी बावीस वर्षांचा होतो. मले विचारलं काऊन नाही?"

 जाताना दारात तो एवढंच म्हणाला, "तुमी मेल्यावर सांगणार. भोगणार मी." तो गेल्यावर मी कलम ६ पुन्हा वाचलं. पोराचं म्हणणं खरं होतं. कोणी पकडू शकणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावर खरं बोलायचं, ही तर माझ्या जुन्या हुशारीची शेवटची करामत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर मेल्यावरही रिकामाच फिरला असता.

दुसऱ्या दिवशी धोंडीबाच्या घरी गेलो आणि पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. वाळवीची गोष्ट खोटी होती, नावं मी मुद्दाम सोडली, हे त्याला सांगितलं. मला वाटलं आता हा मला सोलून काढेल. त्यानं बराच वेळ पानं उलटली. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, पोराचं पान फाडून टाका. वैनीचं नाव आमी घेतो. लेकराची रोटी काऊन मारता? देवाले समजते."

राहीबाई गेल्यापासून तो माझ्याशी इतकं मायेनं बोलला नव्हता. खरं सांगतो, माझा हात पानाकडे गेला. पट्टी लावून, धार धरून, खूण न ठेवता पान कसं काढायचं ते मला येतं. मी पान शोधलं. एका अंगाला वनमाला, १९८१. तेच पान उलटलं की दुसऱ्या अंगाला निहार, १९८४. आमची मंडळी लहान, तीन वर्षांत पानभरसुद्धा नावं झाली नव्हती. पोराला काढायचं तर आई जात होती, आणि तिला मी एकदा काढून पाहिलं होतं.

मी पुस्तक मिटून धोंडीबाच्या हाती दिलं. परवा अपूर्वाला सोबत घेऊन महसूल दफ्तरात गेलो, ज्या दाराशी मी पस्तीस वर्षं स्टुलावर बसलो त्याच दारातून, आणि माझं बयान लिहून दिलं : नावं मी वगळली, वाळवीचं खोटं मी सांगितलं, मुलाला ठाऊक नव्हतं. ते मानतील की नाही ते त्यांच्या हाती. शिक्षा झाली तर ती आधी मला व्हावी असा अर्ज जोडला आहे.

कलम ७. वनमालाचं नाव चढलं तरी तिला उकरून आत नेऊ नये. मलाही ओढ्याकाठीच ठेवावं, राहीबाईच्या पलीकडच्या अंगाला. वनमालाच्या लगतची जागा मी मागत नाही.

कलम ८. निहारनं माझ्या मातीला यावं की न यावं, हे त्याच्यावर आहे. तो आला नाही तर गावानं आणि मंडळीनं त्याला नाव ठेवू नये, आणि अपूर्वानं त्याला फोन करून बोलावू नये. त्याला न विचारता त्याचं भलं मी एकदा केलं आहे.

यापूर्वी केलेलं कोणतंही मृत्युपत्र नाही. हे मी वाचून पाहिलं, माझ्या मर्जीप्रमाणे आहे, म्हणून दोघांच्या देखत सही करतो.

स्थळ : कवठझरी
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

सही : चिंतामणी ग्यानोबा खंदारे

साक्षीदार १ : सोनाबाई, अंगठा डाव्या हाताचा. मजकूर वाचून दाखवला, समजला.

साक्षीदार २ : धोंडीबा, अध्यक्ष, चर्च कमिटी. माझ्यासमोर सही केली. जुनं रजिस्टर मिळालं, सगळी पानं जागेवर आहेत.