टिचकी

लडाख, रस्त्याच्या कामावर
८ ऑक्टोबर

नंदाताई,

पाया पडतो. आईचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघं मजेत. दाजी झोपलेत म्हणून मीच लिहितोय. इथे फोन लागत नाही.

एक गंमत सांगतो. इथलं झाड म्हणजे उशीएवढा हिरवा गोळा. जमिनीला चिकटलेला, दगडासारखा कडक. बारीक फांद्या एकमेकींत अशा ठासून बसलेल्या की वारा वरून निघून जातो, ऊब आतच राहते. मूळ मात्र माझ्याहून लांब! आपल्या हमरापुरात गणपतीची मूर्ती सुकली का बघायला तिच्या पोटावर टिचकी मारतात ना, तशी तुझ्या नवऱ्याने त्या गोळ्यावर मारली. "विश्या, सुकली रे ही, रंगाला घे!" चहावाली आजी पोट धरून हसली. म्हणाली, हा गोळा माझ्या सासूच्याही आधीचा. वर्षाला जेमतेम नखभर वाढतो. इथे घाई करेल तो मरतो.

इथे उंदराचा एक थोरला भाऊपण असतो, मांजराहून जाड, थंडीभर नुसता झोपतो. मला तीच नोकरी पाहिजे होती. असो.

दाजींना जरा खोकला आहे. ट्रकने आम्ही या विरळ हवेत भराभर वर आलो आणि आल्या आल्या दाजी दगड उचलायला लागले. बसा म्हटलं तर, "वडखळच्या धाब्यावर कपबशा विसळणारा मला शिकवतो काय?"

काल त्यांच्या तोंडातून गुलाबी फेस आला. ताई, मी त्यांच्या पाठीवर टिचकी मारून बघितली. ओल्या मूर्तीचा आवाज आला.

मुकादमाचा ऑक्सिजनचा सिलेंडर संपलाय. आजी एकच सांगते, "नीचे ले जाओ." पण खाली जायला आधी वरची खिंड ओलांडावी लागते, आणि बर्फ पडला की तीही बंद. ड्रायव्हर म्हणतो, खिंडीत काय होईल सांगता येत नाही. थांबलो तर काय होईल ते मात्र दिसतंय. मी हो म्हटलं. आजीच्या रजईत त्यांना घट्ट गुंडाळलंय, गुडघे पोटाशी, त्या गोळ्यासारखं. इथे जे जगतं ते जागचं हलत नाही. आणि मी त्यांना हलवतोय.

खाली रेंज आली की फोन करेन. पण फोनवर मी खोटं बोलतो, तुला माहीत आहे. म्हणून हे पाकीटही टाकणार. शेवटी दाजींच्या सहीला जागा सोडली आहे. मी फोनवर काहीही सांगू दे, तू सही बघ.

ट्रक सुरू झाला.

तुझा
विशाल

आणि