मुकादमाचा जिना

५ जानेवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नका, ह्यांची तब्येत आहे तशीच आहे. शेजारच्यांच्या फोनवर मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

झटका येऊन गेल्यापासून तुमचे दादा नुसते पाठीवर पडून आहेत. डोळे अर्धवट उघडे, नाकात जेवणाची नळी. डॉक्टर म्हणतात, यांना आता काही कळत नाही. पण भाऊजी, आपला मुकादम बोका कपाटावरून पत्र्याच्या ट्रंकेवर उडी मारतो ना, तेव्हा ह्यांची मान हळूच तिकडे वळते. मांजर दिसतं त्यांना! डॉक्टरांना हे दाखवायला गेले, तर तो लबाड कपाटावर पाय पसरून झोपला तो हलेचना. माझंच हसं झालं. तरी मी दिवसभर ह्यांच्याशी बोलत असते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तोंड दुखेपर्यंत.

अडचण आहे ती मांजरांची. खालच्या कुत्र्यांनी चिंधीचं पिल्लू फाडलं तेव्हापासून खिडक्यांना जाळी मारली आणि दोघांना घरातच ठेवलं. आता त्यांना करमत नाही. गादी ओरबाडतात, पडद्यावर चढतात, आणि परवा चिंधीने नळीत नखं अडकवून ती ओढूनच काढली. बाहेरगावी राहणारी तुमची पुतणी हटून बसली आहे. चिऊ म्हणते, मांजरं तरी कुणाला देऊन टाक, नाहीतर बाबांना सेवाकेंद्रात ठेवू. मला दोन्ही नको. मुकादमाला तर ह्यांनीच कारखान्यातून खिशात घालून आणलेलं. तेव्हा तुम्ही मांजरांना चढाउतरायला काहीतरी करून पाठवा. पलंगासमोरच्या भिंतीवर लावू, म्हणजे ह्यांना दिसतही राहील.

पाय कसा आहे? स्वतःच्या पायावर फळी पाडून घेणारा सुतार म्हणून चांगलं नाव काढलंत. तुमची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
वहिनी


१४ जानेवारी

ती. स्व. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आजवर नवरानवरीचे पलंग केले, साहेब लोकांची टेबलं केली, आता मांजरांचा जिना. दुकानातले कारागीर तोंड फिरवून हसतायत. हसू देत. पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे समोरच्या बाईंच्या मांजरीला न्याहाळत बसलो होतो. त्यांना उंचावरून साऱ्या घरावर नजर ठेवायला हवी असते, लपायला एक कोपरा लागतो आणि ओरबाडायला हक्काची जागा. ती दिली की गादीच्या वाटेला जाणार नाहीत.

भिंतीवर खालीवर पायऱ्या केल्यात. मध्ये गोल दाराची पेटी आहे. खिडकीशी रुंद फळी, ऊन खात पाखरं बघत बसायला. खालच्या खांबाला काथ्याची दोरी गच्च गुंडाळली आहे. वाटा दोन ठेवल्यात, म्हणजे मुकादमाने एक अडवली तर चिंधीला दुसरीकडून सटकता येईल. माझा मिस्त्री येऊन सगळं बसवून देईल.

एक गोष्ट मी माझ्या मनाने केली. प्रत्येक पायरीवर जाड गालिचा ठोकला आणि त्याखाली रबर घातलं. मुकादमासारखा धटिंगण उतरला तरी आवाज म्हणून होणार नाही. ती ट्रंकही माळ्यावर टाका, सारखी दणदण कशाला? दादाला शांत पडू दे. मला येता येत नाही, निदान एवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

दादाच्या पायांना माझा नमस्कार सांगा. धाकट्यावर लोभ ठेवता, तो ठेवत जा.

आपला,
भाऊजी


१० फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

जिना बसला, ट्रंक माळ्यावर गेली आणि मांजरांचं नशीब फळफळलं. चिंधी पेटीत तळ ठोकून आहे. मुकादम सर्वांत वरच्या फळीवरून असा बघतो, जणू आम्ही त्याचे भाडेकरू. गादीला नख नाही, नळीला धक्का नाही. तुमच्या हाताला देवाने काय दिलंय कोण जाणे.

पण भाऊजी, ह्यांची मान आता वळत नाही. मांजरं समोर दिवसभर चढतात, उतरतात. मी पलंगाशी बसून वाट बघितली. उशी उंच करून पाहिली. मुकादमाला अगदी डोळ्यांसमोर धरलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, ते नुसते स्नायूंचे झटके होते. मग माझंही अवसान गेलं. आता बोलत नाही मी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं आणि आपलाच आवाज आपल्याला नकोसा होतो.

चिऊने सेवाकेंद्रात जागा बघितली आहे. महिनाअखेरीला हलवायचं. मी हो म्हटलं. मला रागवा हवं तर.

तुमची
वहिनी


१६ फेब्रुवारी

ती. स्व. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

शेजाऱ्यांकडे फोन करून थकलो, कुणी उचलत नाही. हे वाचाल तशा उठा आणि पायऱ्यांवरचा गालिचा उपटून काढा. रबरसुद्धा.

काल दुकानात रंध्याचं मशीन खरखरायला लागलं. कारागीर वाकून वाकून बघत होता आणि मला दादा आठवला. कारखान्यात मशीन बिघडलं की तो आधी डोळे मिटायचा आणि नुसतं ऐकायचा. मग बरोबर त्याच जागी हात ठेवायचा. वहिनी, त्याला मांजर कधीच दिसत नव्हतं! ट्रंकेवर ती उडी वाजायची, तिकडे त्याची मान वळायची. आणि मी गाढवाने तो आवाजच बंद करून ठेवला.

दादाला कुठेही हलवू नका. त्याच्याशी बोला, वहिनी. तुमच्या पाया पडतो. प्लॅस्टर निघालं की मी येतोच.

आपला,
भाऊजी


२ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

तार मिळाली असेलच. हे घरातच गेले, सेवाकेंद्रात न्यावं लागलं नाही. फार त्रास झाला नाही.

तुमचं पत्र हाती पडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, मध्यंतरी आणखी एक बारीक झटका येऊन गेला असणार, कान तेव्हाच गेले. तेव्हा गालिच्याचा काही संबंध नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका. जिना चांगला झालाय, मांजरं सुखात आहेत. पाय जपा, आणि या वहिनीला परकी करू नका.

तुमची
वहिनी


२ मार्च

चि. चिऊस,
अ. उ. आ.

काकाला आज पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलेलं सगळं खोटं आहे. त्याने विचारलं तर तूही तेच सांगायचं, म्हणून तुला खरं कळवते.

त्याचं पत्र वेळेत आलं होतं. हे होते तेव्हा. मी सुरी घेऊन गालिचा फाडून काढला, बोटं सोलवटली. मुकादमाला उचलून वरच्या फळीवर ठेवलं. तो खाली उतरायला लागला आणि उघड्या लाकडावर त्याची पावलं वाजली. धप, धप. तुझ्या बाबांची मान वळली, चिऊ. मुकादम एकेक पायरी उतरला तशी तीही खाली उतरत आली. मी हाक मारली, तर माझ्याकडे वळली. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. मी बोलत सुटले, काय बोलले ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

जाणारच होते, हे मला कळतं. पण त्याआधीचे दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मांजरांची पावलं वाजत नव्हती आणि मी त्यांच्या उशाशी तोंड मिटून बसत होते. शुद्धीवर होते ते. त्यांना वाटलं असेल, मला एकट्याला टाकून घरातली सगळी निघून गेली.

काकाने गालिचा ठोकला तो मायेपोटी. त्याला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. त्याने फक्त पायऱ्यांचा आवाज बंद केला होता, माझा नाही.

उत्तर लिहू नकोस. ये आणि माझ्याशी बोल.

तुझी
आई