पेडल माझ्याकडे आहेत

मेहरूण, जळगाव
बुधवार, दुपार

प्रिय दिपा,

सायकल एसटीच्या टपावरून उतरवून घेतली असशील, सीटखाली बांधलेली पिशवी सोडली असशील आणि आता मनातल्या मनात मला शिव्या घालत असशील, की हेमाताईने पेडल कुठे ठेवले? पेडल माझ्याकडे आहेत, माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे. टपावर चढवताना अडकतात म्हणून काढले, मागून पाठवते, असं मी आबांना सांगितलं. ते खरं नाही. तू त्या सायकलवर बसू नयेस म्हणून काढलेत. पिंपळनेरच्या बाजारात जाऊन तू लगेच दुसरे पेडल पैदा करशील हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधीच हात जोडते बाई, हे पत्र पुरं वाचेपर्यंत तिला हात लावू नकोस. वाचून झाल्यावर तर मुळीच नको. रविवारी तुझी डोंगरउताराची स्पर्धा आहे, तिच्यासाठी तू वर्षभर घाम गाळला आहेस, हे सगळं माहीत असून लिहितेय.

फोन का नाही केला म्हणशील. घरात फोन वाजला की आबा आधी म्हणतात, स्पीकर लाव. तुझा असला तर हातातूनच काढून घेतात. मेसेज लिहून पाहिला, पण तो वाचल्याबरोबर तू उलटा आबांनाच फोन लावला असतास, तुला धीर कुठे असतो. म्हणून पत्र. शाळेत निबंध लिहिल्यानंतर एवढं सलग मी आजच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू दिवाळीत आलीस तेव्हा ओट्यावर सायकल आडवी करून आबांना दाखवली होतीस, आठवतं? मागचं चाक धरून हलवलं की आतून टकटक. आबांनी डोळे मिटून, नुसतं बोट टेकवून सांगितलं होतं, चाकात काही नाही, मागची फ्रेम जिथे पुढच्या फ्रेमला जोडली जाते आणि खाली-वर हलते, त्या सांध्यातली बेअरिंगं गेली. वर तुला झापलंही होतं, गाडी धुण्याच्या पंपाने सायकल धुतेस, पाणी आत जाणार नाही तर काय होईल? किती खूश होते तेव्हा. आश्रमशाळेत पोरांना शिकवणारी आपली दिपा डोंगरावरून सायकल खाली सोडते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि आई दर वेळी तोंड वाकडं करायची. सायकल माझ्याकडे पाठव, मीच बसवणार, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, असं तुझ्याकडून वचन घेतलं होतं त्यांनी. म्हणून तर तू मागच्या आठवड्यात ती पाठवलीस.

आणि तू निघालीस तेव्हा बस हलेपर्यंत हात हलवत उभे होते. तू आलीस की दारात अडवून करतात ती त्यांची जुनी थट्टा आठवून मी हसत होते. "कोन गावनी शे व पोरगी तू?" आणि तू म्हणायचीस, "वाट चुकनू, आबा, एक रात राहू द्या." मग दोघं खो खो हसायचात. मला ही थट्टा कधी जमली नाही. मी रोज घरातच असते ना, मला कोण गाव विचारणार.

आता सोमवारचं सांगते. सकाळी आबांनी स्वतः आपलं मोटर दुरुस्तीचं शेड झाडलं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी एकही मोटर उघडली नव्हती, वाइंडिंग, फिटिंग सगळं मीच करते, गिऱ्हाईकही आता मलाच मिस्त्री म्हणतं. पण तुझ्या सायकलसाठी त्यांनी आपली हत्यारं पुसून ओळीने लावली. जुनी बेअरिंगं त्यांनीच काढली, अगदी हळुवार, फ्रेमला ओरखडा न लावता. आतून लाल गंजाचं पाणी निघालं, एक तर फिरतच नव्हतं, नुसतं करकर करत अडकायचं. नवी बेअरिंगं बोटात फिरवून त्यांनी कानाला लावली. मला वाटलं, उगाच काळजी करत होते मी. आबा होते तसेच आहेत. तेवढ्यात पहूरहून एक जण मोटर घेऊन आला, त्याच्याशी बोलायला मी रस्त्यावर गेले.

परत आले तर तेलाचा वास. कढईत तेल तापलेलं आणि तुझी बेअरिंगं त्यात.

आपण लहान होतो तेव्हा आबा या कढईकडे बोट दाखवून म्हणायचे, आज बेअरिंगची भजी. आणि भजी तळता तळता शिकवायचेही. बेअरिंग दांड्यावर चढवायचं असेल तर बेअरिंग तापवायचं, म्हणजे ते फुगतं आणि अलगद सरकतं. पण खोबणीत बसवायचं असेल तर बेअरिंग गार ठेवायचं आणि खोबण तापवायची. तुला पाठ होतं, मला पाठ होतं. या शेडमध्ये चहा घेऊन येणाऱ्या माणसालाही पाठ होतं. तुझ्या सायकलची बेअरिंगं खोबणीत बसतात, दिपा. आबांनी नेमकं उलटं केलं.

फुगलेलं बेअरिंग खोबणीत जाईना. रबराची झाकणं सुरकुतलेली. ते चिमट्यात धरून पुन्हा पुन्हा टेकवत होते, कपाळावर घाम, आणि मग त्यांनी हातोडा उचलला. आबांनी. बेअरिंगवर हातोडा मारणाऱ्याला शेडच्या बाहेर काढणारा माणूस हा. मी दारात उभी होते. थांबा म्हणायला हवं होतं. पण थांबा म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि ते का मला त्यांना सांगता आलं नसतं.

शेवटी बसली ती. बोल्ट आवळले, फ्रेम फडक्याने पुसली, चाक फिरवून मला म्हणाले, "देख, बठ्ठं बराबर शे." सगळं बरोबर, म्हणे! ते आत गेल्यावर मी बॅटरी घेऊन पाहिलं. पेडलच्या वरच्या सांध्याला, डाव्या अंगाला, खोबणीच्या कडेवर केसाएवढी रेघ आहे. ओरखडा असेल असं मी स्वतःला बजावलं. पण नख फिरवलं की नख अडकतं. ओरखड्यात असं अडकत नाही, तडाच आहे तो. तूही बघ, उजेडात बघ. दगडांवरून उतारावर तू जीव तोडून सुटलीस आणि ती रेघ उघडली तर मागचं चाक तुझ्याखालून निघून जाईल, आणि पुढचा विचार मी दोन दिवस करतेय.

मग सायकल अडवली का नाही? काय सांगून अडवणार होते? काल सकाळी आबा तिला स्वतः ढकलत स्टँडवर न्यायला निघाले, टपावर चढवायला हमालाला शिकवू लागले. मागून मी, तुझे पेडल आधीच काढून कपाटात ठेवलेले. कंडक्टरने त्यांना सांगितलं, आज मोठी गर्दी आहे, सायकल उद्याच्या गाडीला. म्हणून आज मला हे पत्र बांधायला मिळालं.

आईला मी सगळं सांगून पाहिलं. ती भरीत घोटत होती, वर न बघता म्हणाली, "वय व्हयनं का माणूस भुलस. तू उगा घाबरस." पण ती आताशा आबांना एकट्याने तलावावर फिरायला जाऊ देत नाही. परवा त्यांनी मला कोकिळा म्हणून हाक मारली, आत्याच्या नावाने, तर माझ्याआधी तिनेच ओ दिली. तिलाही कळलंय, दिपा. ती फक्त बोलत नाही. माझ्याच्याने आता गप्प बसवत नाही.

आबांना हे कळता कामा नये. फोन येईल तेव्हा सांग, सायकल झकास झाली, आवाज गेला. खोटं बोलायला सांगतेय, पण मला दुसरं सुचत नाही. फ्रेम तिकडे कुणा जाणत्याला दाखव, आणि रविवारची स्पर्धा सोड. तुला राग येईल, येऊ दे. ये तेव्हा माझ्यावर काढ.

आणि तू येच. हे सांगायला हा एवढा प्रपंच केला. काल स्टँडवरून परतल्यावर आबा ओट्यावर बसले होते, मी चहा दिला. सायकलकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हाई सायकल कोनी शे व माय?" मी म्हटलं, आबा, दिपाची. ते म्हणाले, "कोन दिपा?" मला वाटलं, त्यांची ती नेहमीची थट्टा. मी हसले आणि ते हसतील म्हणून थांबले. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि सायकलकडे बघत राहिले. ते हसले नाहीत, दिपा. थट्टाच असेल, मी उगाच घाबरत असेन, देव करो आणि तसंच असो. पण रविवारी डोंगर उतरण्याऐवजी तू घरी ये. दारात उभी राहा. ते विचारतील, कोण गावची पोरगी तू. तूही म्हण, वाट चुकले. मग ते हसतात का ते बघायचंय, आणि ते मला एकटीला बघवणार नाही.

वाट बघतेय.

तुझीच,
हेमाताई