एक लांब, दोन तोकड्या

पनवेल
८ जानेवारी २०२६

चि. अझहर यास,

सलाम आणि दुआ. वि. वि.

इकडे सर्व खैरियत. परवा फोनवर मी तुझ्याशी हवापाण्यावर बोलले, कारण अब्बांचा नियम मी अजून मोडलेला नाही. फोनवर खुशाली, भांडण पत्रात. ते बोटीवर असताना अम्मीचा राग त्यांच्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागत. तेवढा टिकला तरच तो खरा, असं ते म्हणायचे. माझा टिकला आहे. म्हणून हे कुरियर.

तुझ्या कंपनीच्या इतिहासाचं माझं हस्तलिखित परत आलं. मराठीच्या निवृत्त बाई म्हणून माझं नाव तूच सुचवलंस, ते विसरलेले नाही. पण तिसरं प्रकरण काढून टाकलं आहे. ओल्डक्रॉफ्ट लाइनने सुरुवातीची वर्षं मुंबईहून मॉरिशसला करारावरचे मजूर नेले, ते हे प्रकरण. अंगठा घेताना त्यांना सांगितलं, बेट दोन दिवसांवर आहे. मग पाच-सहा आठवडे गलबताच्या तळकोठीत, वर फळ्यांचं झाकण. मेले ते पाण्यात. पोचले ते उसात. मळा सोडून निघेल त्याला तुरुंग. माणसं उतरली की त्याच कोठीत साखर भरून गलबत परत. हे सगळं मी लिहिलं होतं. त्या जागी आता एक वाक्य आहे: कंपनीने हजारो प्रवाशांना नव्या भूमीत संधी मिळवून दिली.

प्रवासी. संधी. मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. चूक कुठली आणि खोटं कुठलं, ते मला कळतं.

आणि शिट्टी. आफरीनकडून कळलं, की कंपनीच्या एप्रिलमधल्या वर्धापन समारंभात बडे सारंगांची शिट्टी चेअरमनच्या हातात द्यायचं तू कबूल केलं आहेस. खापरपणजोबा त्या कंपनीच्या गलबतावर खलाशांचे म्होरके होते आणि आपलं आडनाव तिथून आलं, हे खरं. पण शिट्टी कंपनीची नाही, घराची आहे. घरातलं माणूस पाण्यापलीकडे निघालं की थोरली बाई उंबऱ्यावर उभी राहून ती फुंकते. एक लांब, दोन तोकड्या. जा आणि ये. अब्बांसाठी अम्मीने फुंकली, तुझ्यासाठी मी. ती स्टेजवर वाजवायची वस्तू नाही.

बायकोला सांगितलंस, बहिणीला विचारलं नाहीस. उत्तर पत्राने दे.

लोभ आहेच, तो सध्या रागाच्या खाली दबला आहे.

तुझी,
कुबराआपा

•

दुबई
१९ जानेवारी २०२६

ती. आपा यांस,

सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखन बिनचूक आणि गुस्सा ताजा. अब्बा खूश झाले असते.

प्रकरण मी काढलं नाही, मीटिंगमध्ये निघालं. मी गप्प बसलो, हे कबूल. वाढदिवसाच्या पुस्तकात मयतांची हकीकत कोणी छापत नाही. आणि संधी नाही तर काय होतं ते? त्यांची पतवंडं तिथे वकील आहेत, मंत्री आहेत. इथे राहून काय झाली असती? आपलं घर तरी कशावर उभं राहिलं? पाण्यापलीकडे जाण्यावरच ना?

शिट्टीचं तुला आधी विचारायला हवं होतं. चुकलो. पण आता ऐक. पनवेलजवळ कोनला कंपनीचं नवं गोदाम होतंय. तिथल्या मॅनेजरच्या जागेसाठी चेअरमननी माझं नाव घेतलं आहे. समारंभात सारंगाची शिट्टी सारंगाच्या वारसाकडून घ्यायची, स्टेजवर फुंकायची, मग काचेच्या कपाटात ठेवायची, ही कल्पना त्यांना फार आवडली आहे. एवढ्यावर माझी बदली होते. अकरा वर्षं झाली, आपा. आफरीन करंजाड्याच्या फ्लॅटचं दार एकटी उघडते, एकटीच लावते. मला घरी यायचं आहे.

तुझ्या त्या उंबऱ्यावरच्या खुणेचं इकडेही नाव आहे. मी सांभाळतो त्या कंपनीच्या लेबर कॅम्पचा भोंगा सारखा बिघडायचा आणि पहाटे साइटच्या बसेस चुकायच्या. मी सुपरवायझर लोकांना शिट्ट्या आणून दिल्या आणि आपली खूण शिकवली. एक लांबला सगळे बाहेर, दोन तोकड्यांना बसमध्ये. कोणी मागे राहत नाही. बडे सारंगांनी पाठ थोपटली असती.

मागच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मजुरांच्या पासपोर्टवरून टोमणा मारलास. ते हरवतात, म्हणून ऑफिसात ठेवतो. त्यात मजुराचंच भलं आहे.

गुडघ्याला तेल लाव. शिट्टी आफरीनकडे पोचती कर. दुआंतून मला वगळू नकोस.

तुझा,
अझहर

•

पनवेल
६ फेब्रुवारी २०२६

चि. अझहर यास,

सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी विरघळले होते. आफरीनचं दार माझ्याही नजरेसमोर येतं. शिट्टी कपाटातून काढून, चिंचेने घासून ठेवली होती. नंतर जे झालं ते सांगते.

पुस्तकासाठी मी मॉरिशसच्या मराठी मंडळाला लिहिलं होतं, की जुन्या घरांत काही आठवणी असतील तर कळवा. पत्राऐवजी बाईच आल्या. नाव रमा. वय सत्तरीच्या पुढे. मराठी बोलतात, पण आरतीतले शब्द आणि रोजचे शब्द एकाच भांड्यात ढवळल्यासारखी. करारावर गेलेला त्यांचा मूळ पुरुष आपल्या जवळच्या आपटा गावचा. मी त्यांना तिथे घेऊन गेले. पाताळगंगेच्या काठी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की एवढीशी नदी, आणि तिला सोडताना माणूस एवढा का रडला असेल. मग चप्पल काढून पाण्यात गेल्या. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिले.

संध्याकाळी आपल्याकडे जेवल्या. कोलंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. मला चिडवलं, की इतिहास लिहिणारी बाई मीठ मात्र अंदाजाने घालते. निघायला उठल्या तेव्हा माझ्या मनात आलं, यांचा माणूस या किनाऱ्यावरून गेला तेव्हा त्याला कोणी निरोप दिला नसेल. तो आपण देऊ. मी शिट्टी घेतली, उंबऱ्यावर उभी राहिले आणि फुंकली. एक लांब, दोन तोकड्या.

अझहर, त्या खाली बसल्या.

पायरीवर. गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात मानेवर. पर्स घरंगळत रस्त्यावर गेली. मला वाटलं चक्कर आली. हात धरून उठवलं तर त्याच ओशाळल्या. हसत म्हणाल्या, की लहानपणचा खेळ आहे, शरीर विसरलेलं नाही. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पोरं तो खेळतात. खेळाचं नाव झाकण. एकाने शिट्टी घालायची. लांब वाजली की सगळ्यांनी उभं राहायचं. दोन तोकड्या वाजल्या की खाली बसून डोकं आत घ्यायचं. ज्याचं डोकं वर राहील त्याला झाकण लागलं. एरवी घरात शिट्टीला सक्त बंदी. लग्नातसुद्धा सनई नाही, नुसता ढोल. का, ते कोणालाच माहीत नाही. झाकण म्हणजे कशाचं, असं त्यांनीच मला विचारलं.

मी सांगितलं. तिसऱ्या प्रकरणात होतं तेवढं सगळं. शिट्टी कोणाची, तेही सांगितलं. त्यांनी ती हातात घेतली नाही. पाणी मागितलं, प्यायल्या आणि गेल्या.

इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं, जा आणि ये. ती खूण होती, खाली जा, वरून बंद करतो आहे. अम्मीने ती अब्बांसाठी फुंकली. मी तुझ्यासाठी फुंकली. तू ती आता मजुरांसाठी फुंकायला लावतोस.

शिट्टी मिळणार नाही. कॅम्पातली खूण आजच्या आज बंद कर.

लोभाचं पुढच्या पत्रात पाहू.

कुबरा

•

दुबई
१५ फेब्रुवारी २०२६

ती. आपा यांस,

सलाम. वि. वि.

एका म्हातारीचा गुडघा मुडपला आणि तू त्याचा इतिहास केलास. पोरांच्या खेळावरून आपल्याच खापरपणजोबांना कसाई ठरवायचं, हे तुझ्या शाळेत चालत असेल. ते हुकुमाचे ताबेदार होते. कप्तानाने सांगितलं, त्यांनी फुंकली. नसती फुंकली तर दुसऱ्याने फुंकली असती, आणि तू आज कुठल्या आडनावाने सही केली असतीस?

कॅम्पाची गोष्ट तुला तिथून दिसत नाही. माणसं एसी खोलीत झोपतात. डॉक्टर आहे. शुक्रवारी सुट्टी. त्यांना कोणी झाकणाखाली ठेवलेलं नाही. ते स्वतः सही करून आले, आपल्या भागातली पोरंही आहेत त्यांत, आणि त्यांचे बाप माझ्या घरी मिठाई घेऊन येतात.

समारंभाच्या निमंत्रणावर शिट्टीचा फोटो छापून झाला आहे. आता नाही म्हटलं तर मी खोटा पडेन आणि बदली जाईल. तुला मेलेल्यांची कळकळ आहे. जिवंत भाऊ घरी येतो की नाही, हे तुझ्या हातात आहे.

रमझान तोंडावर आहे. भांडण इथे थांबवतो. तूही थांबव.

अझहर

•

पनवेल
३० मार्च २०२६

चि. अझहर यास,

सलाम. वि. वि.

ईदला फोनवर तू खुशाली विचारलीस, मी सांगितली. नियमाप्रमाणे.

बडे सारंगांना मी कसाई म्हटलेलं नाही. मालकाने हुकूम दिला, त्यांनी फुंकली. त्यांना जाब विचारून उपयोग नाही, ते मेले. तू जिवंत आहेस, म्हणून तुला विचारते आहे. सही करून आलेला माणूस पासपोर्ट मागायला आला तर तुम्ही तो देता का, एवढंच मला कळव. नसाल देत, तर वर झाकण कसलं आहे त्याने काय फरक पडतो?

पुस्तकावरून माझं नाव काढायला कंपनीला लिहिलं आहे.

शिट्टी आज आफरीनकडे दिली. लाकडी पेटीत, लाल मखमलीवर. पेटी स्टेजवरच उघडावी, त्याआधी कोणी हात लावू नये. सारंगांच्या घरची रीत आहे म्हणून सांग, त्यांना रीती आवडतात. चेअरमनना म्हणावं, जोरात फुंका.

कुबरा

•

दुबई
१४ एप्रिल २०२६

आपा,

सलाम.

मी पनवेलला येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही. का ते तुला माहीत आहे.

कोनच्या गोदामासमोर मांडव होता. उरणहून आणलेलं कोळी पथक नाचत होतं. ढोल थांबवले. निवेदकाने सांगितलं, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी जी शिट्टी समुद्रावर घुमली ती आता पुन्हा घुमणार. मी पेटी उघडली, शिट्टी चेअरमनसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी माइकसमोर ती ओठांना लावली. फक्त हवा. पुन्हा फुंकली. गाल फुगले, चेहरा लाल झाला, लाउडस्पीकरमधून नुसती फुसफुस. मागे ट्रेलरचे ड्रायव्हर बसले होते. ते आधी हसले, मग सगळा मांडव हसला. पथकातल्या एका पोराने तोंडानेच शिट्टी घातली.

साहेबांनी ती उलटी करून पाहिली. भोकावर झाळलेला कथलाचा डाग चकाकत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बदली रद्द झाल्याचा फोन आला.

परत निघताना आफरीनने बॅग माझ्या हातात दिली, पण दारापर्यंत आली नाही. तिला वाटतं, आपण दोघांनी मिळून तिची चेष्टा केली. मला जे व्हायचं ते होऊ दे, तिचं काय? तिने तुझं काय बिघडवलं होतं? तुला माझ्यावर थुंकायचं होतं तर घरात थुंकायचंस.

लोभ असावा, असं मी या पत्रात लिहीत नाही.

अझहर

•

पनवेल
२२ एप्रिल २०२६

चि. अझहर यास,

सलाम. वि. वि.

डाग काशीरामकडून लावून घेतला. आपल्या गल्लीच्या टोकाला भांडी झाळतो तो. म्हणाला, की बाई, लोक बंद पडलेली वस्तू वाजवायला आणतात, तुम्ही वाजती आणलीत. मग एकदा फुंकून बघू का म्हणाला. मी नको म्हटलं.

तुझ्या अंगावर येणार हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. नाही दिली असती, तर त्यांनी बाजारातून दुसरी आणून वाजवली असती आणि टाळ्या घेतल्या असत्या. ती गप्प आहे, हे त्यांना सगळ्यांसमोर ऐकू यायला हवं होतं. आफरीनकडे रोज जाते. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. काल उघडलं. चहा दिला आणि आत निघून गेली. तिचं मी जे नेलं आहे ते मला भरून देता येणार नाही, आणि तसं सोंगही मी करणार नाही.

रमाबाईंना सगळं कळवलं. त्यांचा निरोप आहे, की पोरं अजून झाकण खेळतात, पण आता ज्याच्यावर राज्य असतं त्याने नुसती फुंकर घालायची आणि बाकीच्यांनी उभंच राहायचं. मला नीट कळलं नाही, यात हरतं कोण.

तिसरं प्रकरण मी वेगळं छापते आहे. त्यावर सही सारंगच करणार. दुसरं आडनाव माझ्याकडे नाही.

एक शिट्टी बंद झाली. दुसरी तुझ्याकडे आहे. ती काशीरामकडे आणता येत नाही.

रागावलेला का असेना, लिहीत राहा.

तुझी,
कुबराआपा

•

दुबई
५ मे २०२६

ती. आपा यांस,

सलाम. वि. वि.

राग आहे. तीन आठवडे होऊन गेले, टिकला आहे. तेव्हा खरा धर.

आफरीनचा फोन आला होता. तू तिच्या स्वयंपाकघरातल्या नळावरून प्लंबरशी भांडलीस म्हणाली. तिला हसू आलं होतं. मला आलं नाही.

पासपोर्टचं विचारलं होतंस. गेल्या आठवड्यात आपट्याच्या बाजूचा एक पोरगा मागायला आला. बाप आजारी. मी साहेबांना न विचारता दिला. हरवला तर तो जबाबदार, अशी सही घेतली आहे.

सुपरवायझर लोकांकडच्या शिट्ट्या परत घेतल्या. उद्यापासून बसेससाठी भोंगा. तुझ्या सांगण्यावरून नाही. भोंगा दुरुस्त झाला म्हणून.

तुझा,
अझहर