गेटवरचं उत्तर

३ फेब्रुवारी

फोन नाही! काल म्हणाला होता, जेवणाच्या सुट्टीत करतो. कुणाच्या सुट्टीत, ते विचारायचं राहिलं. आमची अर्ध्या तासाची. मंत्र्यांची दुपारभर असेल.

४ फेब्रुवारी

पहिली पाळी. दिव्यासमोरून बाटल्या सरकत राहतात, काचेत बुडबुडा दिसला की उचलून बाजूला. हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं — तेच वाईट. मोकळ्या डोक्यात तो येऊन बसतो. आताचा कामगारमंत्री नव्हे. भट्टीवरचा, भुवया करपलेला, घसा कायम बसलेला.

सुपरवायझरबाई म्हणाल्या, "मंत्र्याची बायको तुम्ही, अजून बाटल्या कसल्या तपासताय?" म्हटलं, मंत्रिपद त्याचं, नोकरी माझी. सगळ्याजणी हसल्या. पण त्या बंगल्यावर राहून आलेय ना मी! चहा आणायला एक माणूस, कप उचलायला दुसरा, आणि भांडायला कुणी नाही. तो सकाळी जायचा तो माणसांच्या घोळक्यात, यायचा तोही घोळक्यातच. मी आपली बॅग भरून परत आले. जा म्हणाला नाही, थांबही म्हणाला नाही.

७ फेब्रुवारी

त्याची आठवण येते. लिहून टाकलं की हलकं वाटेल म्हणून लिहिलं. नाही वाटत.

८ फेब्रुवारी

गेटवर नोटीस लागली. कंपनी कारखाना बंद करायला सरकारची परवानगी मागतेय. द्यायची कुणी? कामगारमंत्र्यांनी! सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू पेन माझ्याच पर्समध्ये आहे.

संध्याकाळी मीच फोन लावला. "फाईल अजून आली नाही माझ्याकडे," म्हणाला.

"आल्यावर?"

"बघतो."

बघतो! अरे, तूच ना सांगायचास सगळ्यांना — मॅनेजर 'बघतो' म्हणाला की समजायचं, त्यानं डोळे मिटले!

११ फेब्रुवारी

आज पाळी सुटल्यावर गेटपाशी उगाच रेंगाळले. तो मोठा संप आठवला.

आमच्या युनियनचा रिवाज — संप कितीही चिघळो, भट्टी विझू द्यायची नाही. काच आत थिजली की भट्टी गेली, मग जिंकून परत यायचं कुठे? म्हणून चौघं आत आग राखायला आणि बाकी सगळे गेटबाहेर. त्या चौघांत तो. घोषणा मी द्यायचे, माझा आवाज खणखणीत. "मॅनेजमेंट —" म्हटलं की सगळं गेट "हाय हाय!" आणि ते संपल्यावर आतून, भट्टीच्या शेडमधून, एकट्याचं फाटक्या आवाजातलं "हाय हाय". एक श्वास उशिरा. बाया कोपरानं ढोसायच्या, "आलं गं तुझं उत्तर!" मग मी पुढची घोषणा मुद्दाम जरा थांबून द्यायचे.

नणंद अजून म्हणते, "वहिनी, लोकांची लग्नं पत्रिका बघून जमतात. तुमचं हाय हायवर जमलं."

आमदार झाला, मंत्री झाला, मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू! पण तो उत्तर द्यायचा बंद झाला तो नक्की कधी, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

१९ फेब्रुवारी

कारखान्याची 'पाहणी' करायला स्वतः येतोय, परवा. युनियननं निदर्शनं ठरवली. सेक्रेटरी चाचरत म्हणाले, "वहिनी, घोषणा दुसरं कुणी देईल. तुम्हाला अवघड व्हायचं."

म्हटलं, "नवरा माझा आणि घसाही माझाच. मीच देणार."

२१ फेब्रुवारी

सकाळी साडी दोनदा बदलली. निदर्शनाला जाताना साडी बदलते का कुणी? माझं मलाच हसू आलं.

गाडी आली. उतरला. सुटलाय, केस काळे केलेत. एका बाजूला मॅनेजर, एका बाजूला पी.ए. मी मूठ वर केली आणि आवाज लावला —

"कामगारमंत्री —"

आणि गेटनं तोंड उघडायच्या आत, "हाय हाय!"

त्यानंच! मूठ खांद्याच्या वर! तोच फाटका आवाज, आणि या खेपेला जरासुद्धा उशीर नाही.

मग अख्खं गेट हसलं, वॉचमनसुद्धा. मॅनेजरला कुठं बघावं कळेना. यानं मूठ खाली आणली, त्याच हातानं केस सारखे केले आणि माझ्याकडे बघितलं. मग आत गेला.

२२ फेब्रुवारी

टीव्हीवर दिवसभर तेच. "जुनी सवय, दुसरं काय," असं पत्रकारांना सांगून मोकळा झाला. विरोधक म्हणतात, मंत्र्यांचं पहिलं खरं वक्तव्य! नणंदेचा फोन — "वहिनी, दादा अजून तुमच्याच तालावर!" तिच्याबरोबर खूप हसले. फोन ठेवला आणि रडू आलं. दोन शब्द मिळाले. मला तो अख्खा हवाय.

२६ फेब्रुवारी

आज त्याचाच फोन. "सही कर म्हणून मागे लागलेत. वरून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल की काहीतरी."

"बोलले ना गेटवर."

हसला. मग म्हणाला, "अगं, घरी यावंसं वाटतंय."

"ये ना."

एवढंच म्हटलं. तू उठलास तर त्या खुर्चीत कोण बसेल, हे विचारायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. मला तो हवा होता.

१ मार्च

आला! रिक्षानं, एकटा, हातात एक बॅग. दारातच म्हणाला, "सही नाही केली. राजीनामा देऊन आलो." जेवताना म्हणाला, भाजीत मीठ जास्त आहे. म्हटलं, मग जा बंगल्यावर! किती दिवसांनी भांडलो. आज मी सुखी आहे. लिहून ठेवते.

५ मार्च

नव्या मंत्र्यानं आल्या आल्या सही केली. आज भट्टी विझवली. तो दुपारपासून गच्चीवर कारखान्याच्या चिमणीकडे बघत उभा आहे. मी जिन्यातून हाक मारली. थांबून पुन्हा मारली. उत्तर आलं नाही.