टॉवेल ताईच्या हातात

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. बॉक्सिंगच्या कॅम्पात शिरताना फोन काढून घेतले, कागदावर अजून बंदी नाही. शाळा सुटल्यापासून हे पहिलंच पत्र, तेव्हा अक्षराला हसू नकोस. खोली बरी आहे. शेजारच्या पलंगावरची मुलगी झोपेतही ठोसे मारते. वस्ताद रोज सकाळी माझं वजन करतात आणि माझ्याकडे असे बघतात, जणू काटा मीच बिघडवलाय.

लढत मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे. ती पोरगी बावीस वर्षांची, मी सदतीसची, आणि विजेतेपदाचा पट्टा सध्या तिच्या कमरेला. तो आधी माझा होता हे आता मलाच लोकांना सांगावं लागतं. मागच्या दोन लढती हरले आणि त्याच्या आधीचं सगळं धुऊन निघालं.

निघण्यापूर्वी क्लबात गेले होते. दारातून शिरलं की समोर तुझा फोटो. एक किताब, एकही हार नाही, आणि चोविसाव्या वर्षी रामराम. माझा फोटो आत वजनकाट्याच्या वर, निम्मा टॉवेलांच्या खुंटीमागं. कुणाचे तरी आईवडील तुझ्या फोटोखाली उभे राहून मुलीला सांगत होते की हिला कधी थांबायचं ते कळलं, नाहीतर ती धाकटी. मी तिथंच खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही खोटं नाही. मी सहा वेळा पट्टा राखला, पण माझी मूठ उघडली आणि सगळ्यांनी आत डोकावून घेतलं. खरं सांगते ताई, त्या फोटोकडे बघून माझा नुसता जळफळाट होतो.

नवं माउथगार्ड पाठव. जुनं चावून चावून चपटं झालंय. भावोजींना नमस्कार. छकुली आता माझ्यापेक्षा उंच झाली म्हणे, तरी तिला पापा.

लोभ आहे तेवढा तरी टिकव.

तुझी,
बारकी

१२ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

माउथगार्ड सोबत आहे. तुझ्या दातांचा साचा माझ्या फळीवर दोन आजोबांच्या कवळ्यांच्या मध्ये बसलाय आणि तिघांत तोच जास्त भांडखोर दिसतो. आमच्या दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंनी विचारलं, हे कुणाचे दात. मी म्हटलं, आमच्या घरच्या एका हट्टी बाईचे.

आईचं बरं आहे. तुझ्या लढतीचा विषय निघाला की ती नळ सोडून भांडी घासायला लागते, घासलेलीसुद्धा.

आता तुला आवडणार नाही ते लिहिते. ही लढत लढू नकोस. वयाचं मी बोलत नाही. तुझा डावा हात ठोसा मारून हनुवटीशी परत यायला उशीर करतो, आणि मागच्या दोन्ही वेळी तू तिथूनच मार खाल्लास. तो डावा तुला मीच शिकवला, त्यामुळे मला लांबूनही दिसतं. नावाला किंमत आहे तोवर रिंगण सोड. लोकांना शेवटचंच तेवढं लक्षात राहतं.

हे पत्र वाचून तुझे भावोजी म्हणाले, बघ हं, हेव्यापोटी तर सांगत नाहीस ना. मी नाही म्हटलं नाही. पंधरा वर्षं तुझ्या प्रत्येक लढतीला मी तिसऱ्या रांगेत बसते. तुझा डावा नेमका लागला की लोक टाळ्या वाजवतात आणि माझ्या पोटात आग पडते. टाळ्या मीही वाजवते, पण आग आधी पडते. ते रिंगण, ती घंटा, ते घामानं भिजलेलं स्टूल, सगळं माझं असायला हवं होतं असं वाटतं. तरीही सांगते, थांब.

राग आला तरी मायेत काटछाट करू नकोस.

ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

माउथगार्ड नीट बसलं. बाकीचं पत्र घशाखाली उतरलं नाही.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, एवढंच मला त्यात दिसलं. मी पट्टा परत आणला तर दारातला फोटो बदलावा लागेल, याची तुला धास्ती आहे. आणि थांबण्याचं शहाणपण निदान तू तरी मला शिकवू नकोस. तू थांबली नव्हतीस. छकुली पोटात होती म्हणून तुला थांबावं लागलं, नंतर कुणी ये म्हणालं नाही आणि तूही गेली नाहीस. लोकांनी त्यालाच शहाणपण म्हटलं आणि ते पुण्य तुला फुकट मिळालं.

मी लढणार. यायचं तर ये, तिसरी रांग आहेच.

बारकी

२७ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कामावर घेऊन गेले होते, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. लिहिलंस ते खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं मी सांगते. तुझ्या जिंकण्याचा हेवा आहेच, पण मला तुझ्या हरण्याचाही हेवा वाटतो. मागच्या वेळी तुझा ओठ फाटला, शेवटची घंटा झाली आणि तू त्या मुलीच्या गळ्यात पडून रडलीस. तेव्हा मला वाटलं, हे माझ्या वाट्याला का नाही आलं. मी कुणाकडूनच हरले नाही, म्हणजे आपण किती पाण्यात आहोत ते मला कधी कळलंच नाही. त्या फोटोतल्या पोरीला लोक शहाणी म्हणतात आणि मला तिचं तोंड बघवत नाही. तुझी एक हार मला दे आणि तो फोटो घेऊन जा, वर फ्रेमही घे.

लढायचंच असेल तर डावा हात वर ठेव.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्राबद्दल माझ्या कानाखाली एक दे, फक्त डाव्यानं नको.

इथे फाटकावर एक काका बसतात. एकेकाळचे चॅम्पियन, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना चॅम्पियनकाका म्हणतो. सगळे थांबा म्हणत होते तरी ते आणखी कितीतरी वर्षं लढले. काल सकाळी त्यांनी मला शर्टाचं बटण लावून मागितलं, बोटं ऐकत नाहीत म्हणाले. मी लावून दिलं. मी चहा घेऊन परत आले तर ते मलाच विचारायला लागले की बाई तुम्ही कोण, कुणाला भेटायचंय. ताई, मला हरायची भीती नाही, त्या खुर्चीची आहे. आणि तरीही मला लढायचंय, कारण अजून एकदा जिंकेन असं मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे, मी तरी काय करू.

म्हणून एक मागणं आहे. माझ्या कोपऱ्यात उभी राहा. लढत थांबवायचा टॉवेल नेहमी वस्तादांकडे असतो, तो या वेळी तू धर. वस्तादांचा माझ्यावर फार जीव. मी आडवी पडले तरी त्यांना मी जिंकतेय असंच दिसेल. आई तर पहिल्याच ठोशाला टाकेल. तुझ्या पोटातल्या आगीवर माझा जास्त भरवसा आहे. ती पेटलेली असेल तोवर मी कितीही मार खाऊ दे, टॉवेल खांद्यावर ठेव. विझली की टाक. वस्तादांना सांगितलं, ते दोन दिवसांनी हो म्हणाले.

तू नाही म्हणालीस तर दुसरं कुणी नाही.

तुझीच,
बारकी

१६ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागदच.

पहिल्या काही फेऱ्या माझं पोट नुसतं भडकलं होतं. तू तिला दोरांपर्यंत मागं रेटलंस तेव्हा मी टॉवेलची कड दातांत धरली होती. इतकी वर्षं तिसऱ्या रांगेत काढली, पण एवढ्या जवळून तुला लढताना पाहिलं नव्हतं. मेले असते तरी चाललं असतं, इतका हेवा वाटला.

सहाव्या फेरीत तिचा उजवा तुझ्या कानामागं बसला. तू पडली नाहीस. लढत राहिलीस, लोक तुझ्या नावानं ओरडत राहिले. घंटा झाली आणि तू तिच्याच कोपऱ्याकडे चालायला लागलीस. रेफरीनं तुला वळवलं. स्टुलावर बसवून मी पाणी दिलं तर तू मला आई म्हणून हाक मारलीस. वस्तादांना वाटलं, गंमत करतेय. सातवी फेरी सुरू झाली आणि तू डावा मारलास, चांगला सणसणीत लागला, सगळे उठून उभे राहिले. मी पोटात शोधलं. काहीच नव्हतं. मला फक्त तुझं तोंड पुसायचं होतं. मी टॉवेल टाकला.

गुणांत तू पुढं होतीस हे मागून कळलं. तोच टॉवेल माझ्या तोंडावर फेकून तू गेलीस, त्याचं मला काही वाटत नाही. क्लबात म्हणतात की सख्ख्या बहिणीनं घात केला. मालकीणबाईंनीही आडून आडून विचारलं. मी कवळ्या घासत राहिले. तुला मात्र सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा टाकीन.

रागाव, पण जन्माची रागावू नकोस.

ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर केला. राग खरा होता. पट्टा हाताशी आला होता आणि तो माझ्याच माणसानं हिसकावला, असं वाटत होतं. ताईनं जळून केलं, हे लोकांबरोबर मीही म्हणत होते.

मग एके दिवशी वस्तादांनी लढतीचं चित्रण लावलं. सहावी बघितली, सातवी बघितली. मला त्यातलं काहीच आठवत नाही, ताई. तुला आई म्हटलेलंही नाही, आणि तो सणसणीत डावाही नाही. आठवतो तो थेट माझ्या हातातला टॉवेल. डॉक्टरांनी सगळं तपासलं. अजून काही बिघडलेलं नाही म्हणाले, पण अजून हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. मी रिंगण सोडलं. वस्तादांना सांगितलं तर ते मान वळवून हातमोजे पुसत बसले.

क्लबवाले विचारत होते, माझा फोटोही दारात लावायचा का. मी म्हटलं, ती टॉवेलांची खुंटी तेवढी हलवा, पुरे. घाताचं कुणी बोललं की सांगते, होय, ताईला माझा हेवा वाटतो, म्हणून तर टॉवेल तिच्याकडे दिला होता. कुणाला काही कळत नाही.

शनिवारी त्या पोरीची लढत होती. तिकीट काढून गेले, जागा नेमकी तिसऱ्या रांगेत मिळाली. तिनं डावा मारला आणि हात लगेच परत हनुवटीशी आणला, तू मला शिकवायचीस अगदी तसा. सगळे उठले. मीही उठले, टाळ्याही वाजवल्या, पण आग आधी पडली. घरी येईपर्यंत विझली नाही. पंधरा वर्षं तू हे कसं सोसलंस, आणि दर वेळी पुन्हा येऊन कशी बसलीस?

पुढच्या लढतीची दोन तिकिटं काढलीत. मला एकटीला तिथं बसवत नाही, तू शेजारी ये.

तुझी,
बारकी