माझ्या अक्षरातला मसुदा

ता. ६ जून १९३९, मंगळ.
काशीनं सही करून दिली. सकाळच्या मोटारीनं निपाणीहून बेळगावात उतरलो, घरी न जाता थेट कचेरीच्या आवारात. सतरंजी पसरायच्या आधीच स्टांपव्हेंडर म्हणाला, "शनवारी तुमची बहीण आलती की रजिस्ट्रारकडं. दीर संगट होता. तुमी कुटं दिसला न्हाईसा."
मी निपाणीत होतो. एका जैन व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीचे भाडेकरार लिहीत. तीन दिवस. त्यातला नेमका शनिवार परशरामनं धरला.
काशी माझी धाकटी बहीण. नवरा जाऊन आठ महिने झाले. परशराम तिचा दीर. बेळगावातलं लुगड्याचं दुकान दोघा भावांचं एकत्र, थोरल्याचा हिस्सा विधवांच्या नव्या कायद्यानं आता काशीचा. तो तिनं हक्कसोडपत्र करून सोडून दिला. अठरा वर्षं मी आवारातल्या झाडाखाली बसून लोकांचे दस्त लिहितो, आणि माझ्या बहिणीचा दस्त माझ्या पाठीमागं होतो!
उद्या शहापूरला, तिच्या सासरी. आज गेलो तर हात उचलेन.

ता. ७ जून, बुध.
हात उचलला नाही. उचलायचा तर स्वतःवर उचलावा लागेल.
दारातच ओरडलो तिच्यावर. "काशे, वाचता येतंय न्हवं तुला? चौथीपर्यंत शिकवली कशाला? दुसऱ्यानं म्हटलं म्हणून सही?"
ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. रहाट थांबवला. "दुसऱ्यानं कुटं? तूच लिवलंयस की."
"मी?"
"मी वाचाय लागलेलते. तवा भावजी म्हनले, वैनी, अण्णांनीच मसुदा करून दिलाय, अक्षार बघा. बघितलं. तुजंच. तुज्या हाताखाली अक्षरं गिरवली मी, मला कळत न्हाय व्हय? मग म्हटलं, अण्णानं लिवलंय म्हंजे माज्या भल्याचंच आसंल. फुडं वाचलंच न्हाय."
मी म्हणालो, खोटं आहे, कुणीतरी माझं अक्षर काढलंय. परशराम आतल्या मागाच्या खोलीतून बाहेर आला. हसत. हातात कागद. "पाव्हणं, वरडू नका. ह्यो तुमचाच हाय का न्हाय सांगा."
दोन हात लांबूनच दाखवला, हातात दिला नाही. साधा फुलस्केप. वर माझ्या पद्धतीनं आडवी रेघ ओढून काढलेलं श्री. नावांच्या जागी अमुक, तमुक.
माझाच.
काशी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं. चालत घरी आलो.

ता. ८ जून, गुरु.
आठवलं. एप्रिलात खानापूरकडचा म्हणून एक माणूस आला होता. "विधवेच्या हक्कसोडाचा एक नमुना लिहून द्या, नावं मागनं घालतो." कुणाची विधवा, कुठली, तिला ठाऊक आहे का, काही विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही. असे किती लिहिले. आठ आणे घेतले, दुपारी त्याची भजी खाल्ली.
आज कचेरीतून नोंदलेल्या दस्ताची नक्कल काढली. दुसऱ्या लिहिणाराच्या हातचा आहे, स्टांपावर, पण माझ्या मसुद्यावरून शब्दन् शब्द उतरवलेला. "सदर दुकान, त्यातील माल व नाव यांवर माझा सध्याच्या वा पुढे होणाऱ्या कोणत्याही कायद्यान्वये काडीमात्र हक्क राहिलेला नाही."
हे "पुढे होणाऱ्या कोणत्याही कायद्यान्वये" जुन्या नमुन्यात नव्हतं. ते मी घातलं. विधवांचा कायदा आला तेव्हा लोक म्हणायला लागले, आता बायका वाटण्या मागतील, पक्कं लिहा. मी पक्कं लिहिलं. इतर लिहिणाऱ्यांना वाचूनही दाखवलं, बघा कसं दार लावलंय. शाबासकी घेतली.
परशरामला शिव्या देत आवारात फिरलो. त्यानं पाठवलेल्या त्या खानापूरच्या सोंगाला, दस्त उतरवणाऱ्याला. सगळ्यांच्या झाल्या. मग माझ्या उरल्या.

ता. १० जून, शनि.
वकीलसाहेबांकडे काशीला घेऊन गेलो. आली, पण वाटभर माझ्याशी बोलली नाही.
साहेबांनी तिलाच विचारलं. रजिस्ट्रारनं काय विचारलं?
"दस्त मान्य हाय का म्हनले. मी व्हय म्हटलं."
"वाचून दाखवला?"
"वाचू का म्हनले. भावजी म्हनले, तिच्या भावानंच केलाय, तिला ठावं हाय. मी मान डोलवली."
साहेब म्हणाले, फसवून सही घेतली म्हणून दस्त रद्द करायचा दावा लावता येतो. दुकान बेळगावात, इथं नवा कायदा आहे, दस्त रद्द झाला तर तिचा हिस्सा उभा राहतो. शहापूरच्या घराचं आणि मागांचं विचारलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "शहापूर संस्थानात. तो कायदा तिथं अजून घेतलेला नाही. तिथं तिला फक्त अन्नवस्त्र."
काशी म्हणाली, "म्हंजे रस्ता वलांडून दुकानात आले की माजा हिस्सा, आनि परत घरला गेले की मी दाराशी बसल्याली?"
"तसंच."
"माग तर मीच चालू ठेवलाय मालकांच्या दुखण्यात. दीड वरीस."
साहेब माझ्याकडे वळले. "अडचण तुमची आहे. ते तुमचा मसुदा पुढं करतील. सख्ख्या भावानं लिहिला, मग फसवणूक कसली? तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. नाव न विचारता, बाई न पाहता लिहिला असं कबूल करावं लागेल. भर कोर्टात."
मी म्हणालो, करतो.
काशी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुजं आदी ठरव. मी मागनं."

ता. १४ जून, बुध.
घरी बायकोला सांगितलं, कोर्टात साक्ष देणार. ही म्हणाली, "अहो, तुम्ही असं बोलल्यावर तुमच्याकडं दस्त लिहायला कोण येईल? पोट कशावर?" चूक नाही तिची. तरी मी भांडं आपटलं. पोट इतके दिवस कशावर भरलं हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.
संध्याकाळी परशराम घरी आला. पेढ्यांचा पुडा. "पाव्हणं, वैनीला मूल न्हाय, बाळ न्हाय. दुकान कुनासाटी पायजे? खायाला घालतोय की आमी. लुगडंलत्ता, सगळं."
"तिच्याच दुकानातलं लुगडं तिला भीक घालणार?"
"तुमीच लिवलंय, काडीमात्र हक्क न्हाय."
पुडा रस्त्यावर फेकला. गल्लीत बोंब झाली. मला त्याच्या बोलण्याचा राग नाही. माझंच वाक्य त्याच्या तोंडात गोड लागत होतं त्याचा आहे.

ता. १९ जून, सोम.
काशी आज दुकानावर गेली. एकटी, शहापूरहून चालत. मला कळवलं नाही. स्टांपव्हेंडर धापा टाकत सांगत आला तेव्हा गेलो.
आत जाऊ दिलं नाही तिला. तेव्हा पायरीवर बसली होती. पदर घट्ट, हात मांडीवर. परशराम आतून, "उठा वैनी, गिऱ्हाइकं बगत्यात." ती उठत नाही.
कॅम्पातल्या एक बाई आल्या, नेहमीच्या, काशीला पूर्वीपासून दुकानात पाहणाऱ्या. त्यांनी काशीलाच विचारलं, ह्या काठाला खण कुठला शोभेल? काशी पायरीवरूनच म्हणाली, "दुसऱ्या फळीवरचा, डाळिंबी. त्यो न्हवं, त्येच्या खालचा." परशरामला तोच काढून द्यावा लागला. असं संध्याकाळपर्यंत चाललं. बायका तिच्याकडं बघून विचारत होत्या, परशराम खण काढत होता. तोंड लाल.
मी समोरच्या बाजूला उभा. जवळ जायची हिंमत झाली नाही. दुकान बंद झालं तेव्हा ती उठली, मला बघितलं. "ठरलं का तुजं?"
"ठरलं."
"मग दावा लाव."

ता. २२ ऑगस्ट, मंगळ.
दावा दाखल होऊन दोन महिने होत आले. काशी आमच्याकडे राहते. शहापुरात तिचं जातं-पाणी वेगळं केलं, रहाटाला हात लावू देईनात, तेव्हा एक गाठोडं घेऊन आली. हिचं आणि तिचं बरं जमतं. माझ्याशी कामापुरतं.
आवारात बाकीचे लिहिणारे माझ्याजवळ बसत नाहीत. एक जण तोंडावर म्हणाला, "तू कोर्टात जाऊन सांगणार, न विचारता लिवतो म्हणून? मग आमी काय विचारून लिवतो व्हय? सगळ्यांच्या पोटावर पाय देतोयस."
म्हणालो, देतोय. आज दिवसभरात एकच अर्ज. तोही उताऱ्याचा.

ता. १२ फेब्रुवारी १९४०, सोम.
साक्ष झाली.
मसुदा माझ्या हातात दिला. ओळखता? ओळखतो. अक्षर कुणाचं? माझं. मग फसवणूक कुणी केली? परशरामनं माझा कागद दाखवून. तुम्ही लिहिला तेव्हा बाईला विचारलंत? नाही. नाव? नाही. पलीकडचा वकील म्हणाला, असे किती लिहिले? म्हणालो, मोजले नाहीत. कुणा एका बाईला तरी विचारलंत? नाही. तो हसला. "म्हणजे आपण नेहमीच डोळे झाकून लिहिता, आणि ही आपली बहीण निघाली म्हणून आज आठवलं?"
व्हय, म्हणालो. कोर्टात व्हय आलं तोंडातून. "व्हय. बहीण होती म्हणून आठवलं. नाहीतर आठवलं नसतं."
सबजज्जसाहेबांनी लिहून घेतलं. मग मी न विचारता सांगितलं, "पुढे होणाऱ्या कायद्यान्वये" हे माझं वाक्य आहे, ते मी अशाच बायकांना अडवायला घातलं होतं. वकीलसाहेब चिडले, म्हणाले ते कशाला बोललात, त्याची गरज नव्हती.
होती.
काशी मागं बसली होती. बाहेर आल्यावर टांग्यात शेजारी बसली. बोलली नाही. पण बसली.

ता. २५ फेब्रुवारी, रवि.
निकाल अजून नाही. सकाळी परशरामकडून तडजोडीचा कागद आला. पायरीवर बसल्याच्या दिवसानंतर गिऱ्हाईक तुटलं म्हणे. दुकानाचा पूर्वेकडचा गाळा काशीला, मालाची निम्मी वाटणी. मोबदल्यात तिनं दावा काढून घ्यायचा, फसवणुकीचा शब्द मागं घ्यायचा, आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव परशरामकडे.
मी हात पुढं केला. ती म्हणाली, "तू नगो. बाहीर बस."
सोप्यात बसलो. ती आत, बोट ठेवून वाचत होती, मोठ्यानं. कुठं अडली तर हाक मारायची. "अण्णा, वहिवाट म्हंजे?" सांगितलं. "निरपवाद म्हंजे?" सांगितलं. हिनं दोनदा चहा नेला. दुपार कलली.
हाका थांबल्या तसा मी दारात गेलो. ती कागद मांडीवर घेऊन बसलेली.
"गाळा चांगला हाय," ती म्हणाली. "उजेड येतो. पन मला फसवलं न्हाय आसं मीच लिवून द्यायचं?"
म्हणालो, तसा अर्थ होतो.
"तू आसतास तर दिलं आसतंस?"
गाळा हातात येतोय. निकाल कसा लागेल कुणाला ठाऊक. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर अठरा वर्षांच्या सवयीनं म्हणालो असतो, घे, सही कर.
"मी सांगणार नाही," म्हणालो.
"नगोच सांगू." कागदाची घडी घालून तिनं पदरात बांधली. "उद्या वकिलाकडं मी एकटी जाते. वाटंत त्या गाळ्यात जरा उभारून बगते. मग ठरवते."